चौदाव्या मजल्यावरची झीज

१

एकसष्ट घरं तिच्या ताब्यात होती आणि त्यांतलं एकही तिचं नव्हतं.

एकवीस मजल्यांची ती इमारत उभी राहून सहा वर्षं झाली होती. घरं केव्हाच विकून संपली होती, पण राहायला आली होती जेमतेम अर्धी माणसं. बाकीच्यांनी घर घेतलं होतं ते पुढेमागे भाव वाढेल म्हणून. कुलूप लावून ती आपापल्या गावी, नाहीतर परदेशी, निघून गेली होती. पण घराला नुसतं कुलूप लावून भागत नाही. नळ वापरले नाहीत की मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर चढतो. खिडक्या उघडल्या नाहीत की कपाटांना बुरशी धरते. म्हणून इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीने तिला नेमलं होतं. प्रत्येक घर आठवड्यातून एकदा उघडायचं, खिडक्या सताड करायच्या, सगळे नळ दोन-दोन मिनिटं सोडायचे, दिवे-पंखे लावून बघायचे, फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं, आणि सगळं बंद करून पुढच्या दाराशी उभं राहायचं. दिवसाला दहा घरं, कधी अकरा.

फाटकावरचा रखवालदार तिला किल्लीबाई म्हणायचा.

"किल्लीबाई, अख्ख्या शहरात तुमच्याएवढी घरं कुणाकडे नसतील. एखादं आमच्या नावावर करा की."

"घ्या की. मग दर आठवड्याला नळ सोडायला तुम्हीच या."

हसायची ती, पण त्या दिवसांत तिचं हसू वरवरचं होतं. ती राहायची ती जागा दोन खोल्यांची. तिथे ती, तिचे म्हातारे वडील, नवरा आणि दहावीतली मुलगी. ती जुनी इमारत पाडून तिथेही एक उंच इमारत उठायची होती. दोन महिन्यांत जागा रिकामी करा, असा कागद जिन्यात डकवला होता. त्या कागदापासून तिला धड झोप नव्हती की धड जेवण नव्हतं. उभी असली की बसावंसं वाटायचं, बसली की उठावंसं.

अशाच एका सकाळी ती चौदाशे तीन नंबरच्या घरात फडकं फिरवत होती. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून ऊन तिरकं येऊन पार भिंतीपर्यंत पसरलं होतं. त्या उन्हात सगळी फरशी आरशासारखी चमकत होती. फक्त दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक पट्टा चमकत नव्हता. माणसाच्या रुंदीचा असेल.

मळ असेल असं वाटून तिने तो पट्टा पुन्हा पुसला. पाणी वाळलं. पट्टा तसाच राहिला.

२

कामगारांनी सिमेंटची पोती ओढत नेली असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. सहा वर्षांपूर्वी ओढली असतील आणि आजवर आपल्या लक्षात आलं नसेल. लक्ष कुठे असतं आपलं? ती पुढच्या घरात गेली.

पुढच्या आठवड्यात तिने पंखा लावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. पाच बटणांतली चार कोरी करकरीत होती. पंख्याचं बटण मात्र खालच्या बाजूला बोटाने झिजून खोलगट झालं होतं, आणि त्याच्याभोवती भिंतीवर काळपट डाग होता. असा डाग तिच्या स्वतःच्या घरात होता. तो पडायला तेरा वर्षं लागली होती.

खाली येऊन तिने रखवालदाराला विचारलं, "चौदाशे तीनला कोण येतं हो?"

"कोण येणार? मालक परदेशात. ताबा घेतला त्या दिवशी आला होता, दारात उभा राहून फोटो काढला आणि गेला."

"दुसरी किल्ली?"

"ऑफिसात, कपाटात. मोहोर लावलेल्या पाकिटात. का हो, काही गेलं का?"

"जायला आहे काय तिथे," ती म्हणाली.

तरी तिने विजेचं मीटर पाहिलं. तिच्या आठवड्याच्या पाच मिनिटांपलीकडे काटा हललेला नव्हता. मग निघताना तिने दाराच्या फटीत वहीच्या कागदाची एक चिठोरी घडी घालून अडकवली. दार उघडलं तर पडलीच पाहिजे.

आठवड्याने चिठोरी होती तिथेच होती. तिने सुटकेचा श्वास टाकला, दार उघडलं, आणि नळ सोडायला ओट्याशी गेली. ओट्याची कड एका ठिकाणी गोल झाली होती. हातभर लांबीची जागा. पोट टेकून कुणी वर्षानुवर्षं भांडी घासली की होते तशी. तिने नळ सोडला, दोन मिनिटं मोजली, बंद केला. मोजताना आपण नेमकं तिथेच पोट टेकून उभे आहोत, हे तिला बंद करताना कळलं.

घर रिकामं होतं. फोडणीचा वास नाही, कोपऱ्यात केर नाही, खुंटीला चिंधी नाही. कुणी राहत असल्याची एक खूण नव्हती. राहून गेल्याच्या मात्र दर आठवड्याला नव्या निघत होत्या.

३

जागा बघणं चालूच होतं. दलाल सांगेल तिथे नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी जायची. एका जागेत खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. दुसरी इतकी लांब होती की मुलीची शाळा सुटायच्या वेळेला ती शाळेत पोचली असती. तिसऱ्या घरमालकाने विचारलं, "म्हातारं माणूस आहे का बरोबर?" आणि उत्तर ऐकून चहासुद्धा पुढे केला नाही.

नवरा सिमेंट कालवत नेणारी मोठी गाडी चालवायचा. शहरात जिथे जिथे इमारत उठत होती तिथे त्याची गाडी उभी असायची. "माझ्या गाडीतनं निदान दोन हजार घरांचं काँक्रीट गेलं असेल," तो एकदा जिना उतरताना म्हणाला, "आणि आपल्याला चार भिंती मिळेनात." त्याने ते हसत म्हटलं, पण तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

नोटिशीला पाच आठवडे झाले तेव्हा कंपनीच्या मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावलं. पोरसवदा माणूस होता, पण बोलणं सरळ.

"तुमच्या जागेचं काही झालं का?"

"नाही साहेब, बघतोय."

"एक मालक तयार आहेत. बंद ठेवून घर खराब होतंय, एखादं भरवशाचं कुटुंब राहिलं तर बरं, असं म्हणतायत. भाडं नको त्यांना. वीज-पाण्याचं तुम्ही भरा आणि घर नीट ठेवा. चार-पाच वर्षं तरी ते येत नाहीत. मी तुमचं नाव सांगितलंय."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. भानावर येऊन तिने विचारलं, "कुठलं घर साहेब?"

"चौदाशे तीन."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला पेला खाली ठेवला आणि टाळीच दिली वडिलांना. मुलगी म्हणाली, "मला वेगळी खोली मिळेल? दाराची?" तिला दाराची खोली कधीच मिळालेली नव्हती. कपडे बदलायचे तर बाकीचे तोंड फिरवून बसायचे.

"मिळेल की," नवरा म्हणाला. मग बायकोकडे वळून, "अगं, तुझं तोंड का असं? लॉटरी लागलीय आपल्याला."

काय सांगणार ती? फरशी मळकी दिसते? बटण झिजलंय?

"एकदा बघून घेऊ सगळे," ती म्हणाली. "बाबांनाही नेऊ."

४

तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या. गुडघे त्यातच गेले. बोलायचे कमी, पण कुठल्याही घरात शिरले की आधी खाली बघायचे, मग माणसांकडे.

रविवारी दुपारी चौघं तिथे गेली. मुलगी सगळ्या घरातून धावत सुटली. मधली खोली तिने आपली ठरवली, आत जाऊन दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "कुणी येऊ नका!" मग स्वतःच उघडून हसत बाहेर आली. नवरा खोलीबाहेरच्या छोट्या गच्चीच्या कठड्याशी उभा राहून खाली बोट दाखवून सांगत होता, ती बघ ती आमची गाडी, ते बघ तिथे नवा पूल होतोय.

वडील दारातच थांबले होते. त्यांनी चपला काढल्या. अनवाणी चार पावलं टाकली, थांबले, आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. तळहात फरशीवर ठेवून त्यांनी तो पुढे सरकवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. ती त्यांच्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"इमारत किती वर्षांची म्हणालीस?"

"सहा, बाबा."

"आणि राहिलं कोण होतं इथे?"

"कुणीच नाही. कधीच नाही."

ते जरा पुढे सरकले. नखाने एका लादीवर टकटक केलं, मग शेजारच्या. मग भिंतीकडेची एक लादी, जिथे कुणाचा पाय पडत नाही, तिच्यावर हात फिरवला आणि पुन्हा मधलीवर.

"ही जात मला माहीत आहे," ते म्हणाले. "हिची चकाकी सहजासहजी मरत नाही. पंचवीस वर्षं, तीस वर्षं पाय पडावे लागतात. तेही रोज." त्यांनी आवाज खाली आणला. "दोघं आहेत. दोघंच. एक जण डावा पाय ओढतो. हे बघ, इथून असं लांबट घासलंय. भारी माणूस आहे. आणि दुसरी…"

"दुसरी?"

"चालून दाखव बघू. दारापासून ओट्यापर्यंत."

ती चालली. वडील तिच्या पावलांकडे बघत होते. ती परत आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता तिची काढलेली चप्पल उचलली आणि पालथी धरली. उजव्या टाचेची बाहेरची कड घासलेली होती. लहानपणापासून तिची चप्पल तिथेच झिजायची. आई त्यावरून तिला बोलायची.

"तुझी चाल आहे पोरी," वडील म्हणाले.

"मी दर आठवड्याला येते ना इथे. चालते ना."

"आठवड्याला अर्धा तास?" त्यांनी चप्पल खाली ठेवली. "आणि तो दुसरा तुझा नवरा नव्हे. मी तर नव्हेच. मला पाय उचलता येत नाही तेव्हा मी थांबतो, ओढत नाही."

गच्चीतून नवऱ्याचा आवाज आला, "बाबा, पसंत आहे ना फरशी?"

वडिलांनी हात वर केला. ती त्यांना उठवायला वाकली, तर त्यांनी तिचं मनगट जरा जास्तच घट्ट धरलं.

५

म्हातारपणी माणसाला काहीही दिसतं, असं ती दोन दिवस मनाशी घोकत राहिली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटीच वर गेली. चौदाशे तीनचा वार नव्हता तो. पण बघून टाकू एकदाचं, म्हणून गेली.

दार लावून ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि कान दिला. शेजारचं घर बंद, वरचं बंद, खालचं बंद, तिन्हीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. कुठेतरी खूप खाली गाडी मागे घेत असल्याची पिपाणी वाजत होती. ती थांबली. मग स्वतःच्याच श्वासाचा आवाज तिला मोठा वाटायला लागला.

भिंतीवरचे डाग तिला तेव्हा दिसले. खिडकीजवळच्या भिंतीला, जमिनीवर बसलं तर डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट गोल डाग. केसांचं तेल लागून लागून पडतो तसा. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर आणि वीतभर वर, दुसरा. तो जरा मोठा.

बसायचं तिच्या मनात नव्हतं. उंची बघावी म्हणून ती खालच्या डागाजवळ टेकली, आणि डोकं मागे केलं. भिंतीला तिथे किंचित खोलगा होता. डोकं त्यात अलगद बसलं, उशीत बसतं तसं. खिडकीतून निळा चौकोन दिसत होता, त्यात एक क्रेन. छान होतं. खरंच छान होतं. नोटीस, दलाल, मुलीची खोली, सगळं कुठेतरी लांब राहिलं. कित्येक महिन्यांत तिला अशी बसल्या जागी स्वस्थता लाभली नव्हती. एक मिनिट बसू, तिने ठरवलं.

दारावर थापा पडल्या तेव्हा खोलीत ऊन नव्हतं.

"किल्लीबाई! अहो किल्लीबाई! बऱ्या आहात ना?" रखवालदार होता. "दीडला वर आलात. साडेचार झाले. दोनदा इंटरकॉम केला."

झोपले होते, असं ती म्हणाली. झोपली नव्हती ती. तिला पूर्ण आठवत होतं की आपण क्रेनकडे बघत होतो. आणि आपण बोलत होतो, हेही. काय, ते आठवत नव्हतं. घसा मात्र तासन्‌तास गप्पा मारून होतो तसा कोरडा पडला होता.

लिफ्टमध्ये रखवालदार म्हणाला, "घरमालकीण होणार म्हणे तुम्ही. मग काय, पेढे नाही तर नाही, चहा तरी पाजा."

तिने मान डोलावली. तिला उतरायची घाई झाली होती, आणि तेवढीच पुन्हा वर जायची. त्या दुसऱ्या घाईचं तिला भय वाटलं.

६

"फरशी झिजलीय म्हणून घर सोडायचं?" नवरा म्हणाला. "अगं, लोक ऐकतील तर जोडे मारतील मला."

जुन्या इमारतीचं पाणी त्या आठवड्यात तोडलं होतं. खालचे दोघे भाडेकरू सामान घेऊन गेलेही होते. त्यांच्या खोल्यांची दारं-खिडक्या कुणीतरी लगेच उपटून नेली होती, आणि जिन्यातून चढताना ती काळी भोकं दिसायची. नवऱ्याने सामानासाठी मित्राचा टेम्पो ठरवला होता. मुलीने पुस्तकं खोक्यात भरली होती.

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला," तो सासऱ्यांना म्हणाला.

वडील भिंतीशी बसले होते. "रिकामं घर असतं तर पहिलं गाठोडं मीच उचललं असतं," ते म्हणाले. "ते रिकामं नाही."

"कोण आहे मग तिथे? भूत?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्ही एकदा नीट बघून या. तुम्ही गच्चीतनं बाहेरच बघत होतात."

नवरा चिडला, पण गेला. तिला घेऊन गेला. आत शिरताच त्याने सगळे दिवे लावले, दिवसाउजेडी. पट्टा पाहिला, बटण पाहिलं, ओट्याची कड पाहिली, आणि प्रत्येक वेळी "बरं मग?" म्हणाला. भिंतीवरचे डाग तिने दाखवले, तेव्हा तो हसून वरच्या डागाखाली पाय पसरून बसला. डोकं मागे टेकलं. डाग त्याच्या डोक्याच्या चांगला चार बोटं वर राहिला.

"ठेंगणा पडलो मी," तो म्हणाला. हसला. पण तिच्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. ती नकळत त्याच्या शेजारी, तिच्या जागी, जाऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

"उठ," तो म्हणाला. "अगं, उठ ना. तीनदा हाक मारली."

"एकदाच मारलीत."

तो उठला. तिला हाताला धरून दाराशी आला, आणि दार उघडायला हात घातला तिथेच थबकला. आतली कडी तो बघत होता. पितळेची जाड कडी, घराबरोबर आलेली. बाकीचं सगळं पितळ काळवंडलं होतं. कडीची मूठ मात्र रोज हात लागून लागून पिवळीधमक, गुळगुळीत झाली होती. जिथे ती खोबणीत घुसायची तिथे लोखंडाला घळ पडली होती.

त्याने तिला विचारलं, "तू आत असताना कडी लावतेस?"

"नाही. कामाच्या वेळी दार नुसतं लोटलेलं असतं."

"म्हणजे घर कुणीतरी आतून लावून घेतं," तो हळू म्हणाला. "रोज." एवढं बोलल्यावर त्याचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला. दिवे विझवायलाही तो थांबला नाही. ते तिने विझवले, कारण ती सवय होती, आणि पंख्याच्या बटणावर तिचं बोट न बघता नेमकं त्या खळग्यात जाऊन पडलं.

त्या रात्री टेम्पोवाल्याला त्याने नको म्हणून कळवलं. मुलगी रडली. तिला कारण सांगता येईना, म्हणून तिघंही खोटं बोलली की मालकाने शब्द फिरवला.

७

मॅनेजरला तिने नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. त्याने कारण विचारलं. लांब राहायला जातोय, परवडणार नाही यायला, हे खरंच कारण तिने दिलं. शहराच्या पार टोकाला, जिथे रस्ता अजून अर्धा मातीचा होता, तिथे त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या.

"चौदाशे तीनचं मग दुसरं कुणीतरी बघतो," तो म्हणाला.

"नका बघू साहेब."

"का?"

"बंदच ठेवा," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दहा घरं होती. नऊ तिने नेहमीपेक्षा सावकाश केली. चौदाशे तीन वगळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण सात वर्षं शाळेत शिपाईण आणि चार वर्षं इथे, तिने एकही खोली कधी वगळली नव्हती. दार सताड उघडं टाकून, मध्ये बादली लावून ठेवून ती आत शिरली. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन खोलीभर होतं. तिने खिडकी उघडली. ओट्याचा नळ सोडला आणि कडेपासून हात राखून उभी राहिली. एक मिनिट. दुसरं.

नळ बंद केला तेव्हा आतल्या खोलीत कुणीतरी उठलं.

पडण्याचा, आपटण्याचा असा आवाज नव्हता तो. गुडघ्यावर हात टेकून, एक उसासा टाकून, जडशीळ माणूस जमिनीवरून उठतं तो आवाज. मग एक पाऊल. मग फरशीवरून काहीतरी ओढत आल्यासारखं. पुन्हा पाऊल.

ती पाठमोरी होती. तिने वळायला नको होतं, पण ती वळली. आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर, माणूस दमून टेकतो तेवढ्या उंचीवर, चार बोटं होती. गोरी नाही, काळी नाही, म्हातारी, नखं नीट कापलेली. चौकट तिथे उजळून गुळगुळीत झालेली होती आणि बोटं त्या उजळ जागेत नेमकी बसली होती. बाकीचं माणूस भिंतीआड होतं.

"आलीस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, लाड नव्हते. रोजचं विचारणं होतं. "आज उशीर केलास."

"हो रे, लिफ्ट बंद होती," ती म्हणाली, आणि त्याला नावाने हाक मारली.

लिफ्ट चालूच होती. तिनेच वर आणली होती ती. घरातल्या माणसाच्या तोंडावर सहज फेकतो तशी थाप होती. ती बोलून होईपर्यंत तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. चौकटीवरची बोटं सैल झाली, दार अजून थोडं उघडू लागलं, आणि तेव्हा तिला बाहेरच्या दारातली बादली दिसली. आपली बादली. कंपनीचा नंबर रंगवलेली, निळी.

बादली लवंडली. पाणी जिन्याच्या पायऱ्यांवरून तिच्या पुढे धावत होतं. ती किती मजले उतरली, किल्ल्यांचं कडं कुठे टाकलं, तिला सांगता आलं नाही. खिडकी उघडी राहिली. दारही. रखवालदाराने नंतर वर जाऊन बंद केलं. आत कुणी नव्हतं, तो म्हणाला. फक्त दार त्याने ओढलं तेव्हा जरा जड लागलं.

८

नव्या जागेत त्यांचं बस्तान बसलं. मुलगी भल्या सकाळी उठून दोन बस बदलून शाळेला जायची. तिच्यासाठी नवऱ्याने प्लायवूडची आडभिंत घातली आणि तिला एक छोटं दार केलं. वडिलांनी आल्या दिवशी फरशीवर हात फिरवून पाहिला. खडबडीत, स्वस्तातली, पण कोरी होती. ते समाधानाने तिच्यावरच आडवे झाले.

तिला जवळच्या एका शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळालं. बोटं आणि आवाज एवढंच तिने घरी सांगितलं होतं. नवऱ्याने ते ऐकून तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. आपण उत्तर दिलं, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आणि नाव तर तिलाच आठवत नव्हतं. जिना उतरताना ते अजून जिभेवर होतं. दहाव्या मजल्यापर्यंत तरी नक्की होतं. रस्त्यावर आली तेव्हा गेलेलं होतं.

एवढं मात्र तिला ठाऊक होतं की ते दोन अक्षरी होतं, आणि आपण ते लाडाने अर्धवट तोडून म्हटलं होतं. नवऱ्याला तिने अठरा वर्षांत कधी अरे म्हटलं नव्हतं.

दिवस गेले. एका रविवारी दुपारी सगळे घरातच होते. नवरा पेपर चाळत पडला होता, मुलगी आडभिंतीपलीकडे पाठांतर करत होती. ती भाजी चिरत बसली होती, मन कुठेच नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटत होतं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं.

"कुणाला हाक मारतेस?" ते म्हणाले.

नवऱ्याने पेपर खाली केला. आडभिंतीपलीकडचं पाठांतर थांबलं.

तिचे ओठ अजून त्या नावाच्या आकारात होते. विळी बाजूला सारून तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.